क्रीम की बिस्किट? भिंतीचा रंग ठरवते खिडकी

प्रतिनिधी, नाशिक

पाऊस ओसरला, भिंती सुकल्या आणि दसरा-दिवाळीचे वेध लागले, की नाशिकच्या रंगाच्या दुकानांत शेडकार्डे चाळणाऱ्या कुटुंबांची गर्दी होते. शेकडो छटा पाहून झाल्यावर निवड बहुधा दोनच रंगांपाशी येऊन अडते. एकाला आपल्याकडे सरसकट 'क्रीम' म्हणतात, दुसऱ्याला 'बिस्किट'. दोन्ही फिकट, दोन्ही उबदार, दोन्ही कोणत्याही सामानासोबत खपून जाणारे. त्यामुळे 'कुठलाही घ्या, फरक काय पडतो?' असे म्हणून विषय संपवला जातो.

फरक पडतो, तो रंगारी शिड्या उचलून निघून गेल्यावर. दुकानात साजूक लोण्यासारखा दिसलेला क्रीम दिवाणखान्यात पिवळाजर्द भासू लागतो, तर शेडकार्डावर शालीन वाटलेला बिस्किट आतल्या खोलीत मातकट होऊन बसतो. यंत्रावर मिसळून दिलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही, आणि घासकाम, पुट्टी व दोन हातांची मजुरी अनेकदा रंगाच्या किमतीहूनही जास्त भरते. पुढची पाच-सहा वर्षे त्याच भिंतींत काढायची असतात. 'मी आधीच सांगितले होते' हे वाक्यही मग तेवढीच वर्षे घरात ऐकू येत राहते.

पिवडी आणि काव

हे दोन रंग एकाच रंगाच्या फिकट-गडद आवृत्त्या आहेत, हा पहिला गैरसमज. भारतीय मानक ब्युरोच्या 'आयएस ५' या रंगछटांच्या मानकातही 'पेल क्रीम' आणि 'लाइट बिस्किट' अशा दोन स्वतंत्र छटांची नोंद आहे. त्यांची घडणच वेगळी आहे. पांढऱ्या रंगात थोडी पिवळी छटा मिसळली की क्रीम तयार होतो. बिस्किटात त्या पिवळ्यासोबत तांबड्याचा अंश आणि काळ्याचा किंचित स्पर्श असतो. तांबड्यामुळे त्यात गुलाबी झाक लपलेली असते आणि काळ्यामुळे त्याचा उजळपणा कमी होतो.

यातील पिवळा व तांबडा हे नाशिककरांच्या जुन्या ओळखीचे आहेत. पिवडी आणि काव या नावांनी ते पूर्वी पुड्यांतून मिळत, चुन्याच्या सफेदीत कालवले जात, आणि सफेदी अधिक पांढरी दिसावी म्हणून तिच्यात नीळही टाकली जाई. दोन्ही मूलतः लोहाची संयुगेच. पिवडी भाजली की तिच्यातील पाण्याचा अंश उडून ती तांबडी होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही याच कुळातील मातीचे रंग आहेत. आज डब्यातील रंगद्रव्ये बहुधा कारखान्यात बनतात, पण क्रीम म्हणजे पिवडीच्या बाजूचा पांढरा आणि बिस्किट म्हणजे कावेच्या बाजूचा, एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचा बराच गोंधळ टळतो.

शेडकार्डावर ही लपलेली झाक ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. एकाच पट्टीतील सर्वांत गडद छटा पाहावी. फिकट चौकोन जे दडवतो ते गडद चौकोन उघड सांगतो. तळाला मोहरीसारखा पिवळा असेल तर वरचा रंग क्रीमच्या कुळातला, आणि तळाला विटेसारखा किंवा कोकोसारखा तपकिरी असेल तर तो बिस्किटाच्या कुळातला. नावांवर विसंबू नये. कंपन्यांनी छटांना दिलेली काव्यमय नावे ऐकायला गोड असली, तरी एका कंपनीचा 'आयव्हरी' दुसरीच्या 'क्रीम'पेक्षा पिवळा निघू शकतो.

उजेडाचा हिशेब

दुसरा प्रश्न उजेडाचा. भिंतीवर पडलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश ती परत फेकते, हे सांगणारा आकडा अनेक शेडकार्डांवर 'एलआरव्ही' या अक्षरांपुढे छापलेला असतो. शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. क्रीमच्या छटा साधारणपणे ७५ ते ८५ च्या दरम्यान असतात, बिस्किटाच्या ५५ ते ६५ च्या आसपास. अंतर फारसे वाटत नाही, पण खोलीत प्रकाश एकाच भिंतीवर पडून थांबत नाही. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत आतपर्यंत जातो. क्रीमसाठी ८० आणि बिस्किटासाठी ६० हा आकडा धरला, तर तीन वेळा आपटल्यावर क्रीमच्या खोलीत मूळ प्रकाशाचा ५१ टक्के भाग उरतो आणि बिस्किटाच्या खोलीत जेमतेम २२ टक्के. खिडकीजवळ बसणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला तो निश्चित जाणवतो.

याच आपटण्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक टप्प्यावर प्रकाश भिंतीची झाक थोडी थोडी उचलतो, आणि चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की ती झाक एकमेकींवर पडून गहिरी होते. शेडकार्डावरील बोटभर चौकोन आणि प्रत्यक्ष खोली यांत जो विलक्षण फरक दिसतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणूनच मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा घ्यावी, हा अनुभवी रंगाऱ्यांचा सल्ला शास्त्राच्या कसोटीवरही उतरतो.

नाशिकचे ऊन, नाशिकचे आभाळ

कोणत्या खोलीला कोणता रंग, हे मात्र आकड्यांवरून ठरत नाही. ते खिडकीच्या तोंडावरून ठरते. वास्तुशास्त्रातील दिशांचा विचार करणाऱ्यांनी तो खुशाल करावा. येथे विचार केवळ उन्हाच्या दिशेचा आहे.

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भर माध्यान्हीही सूर्य येथे क्षितिजापासून ४६-४७ अंशांपेक्षा वर चढत नाही आणि तो दक्षिणेकडे असतो. त्यामुळे थंडीच्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आतपर्यंत येते. उलट मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस याच काळाच्या दोन टोकांना येतात. पण या दोन महिन्यांचा उत्तरार्ध पावसाळी ढगांत जातो, आणि जे ऊन असते ते इतके उभे असते, की उत्तरेच्या खिडकीवरील छज्जा ते अडवतो. उत्तरेच्या खोलीला वर्षातील बहुतेक दिवस उन्हाचा नव्हे, आभाळाचा उजेड मिळतो, आणि निरभ्र आभाळाचा उजेड निळसर असतो.

या निळसर उजेडात बिस्किटाची उब मावळते. त्यातील काळ्याचा अंश वर येतो आणि रंग राखाडी, कधी फिकट जांभळट भासतो. क्रीममधील पिवळा मात्र निळ्याला तोलून धरतो आणि भिंत स्वच्छ, मऊ पांढरी दिसते. उत्तरेच्या खोलीसाठी क्रीमच योग्य, याबाबत फारसा वाद संभवत नाही.

पश्चिमेकडे नेमके उलटे. दुपारी चारनंतर तिरपे, सोनेरी ऊन भिंतीवर येते. क्रीममध्ये मुळातच पिवळा असल्याने ऊन आणि रंग एकत्र येऊन भिंत हळदीसारखी दिसू लागते. उन्हाळ्यात, जेव्हा खोली आधीच तापलेली असते, तेव्हा हे दृश्य डोळ्यांना अधिकच नकोसे होते. भिंतीच्या आतल्या रंगाने खोलीचे तापमान बदलत नाही, पण जाणवणारी तलखी वाढते. बिस्किट हेच ऊन पोटात घालतो. त्यावर हलकी पिचसारखी झाक येते आणि डोळे दिपत नाहीत. दक्षिणेच्या खोलीलाही, खिडकी मोठी असल्यास, बिस्किट चांगला चालतो.

पूर्वेच्या खोलीची गंमत अशी, की ती सकाळी नऊपर्यंत एक खोली असते आणि दुपारनंतर दुसरीच. सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन्ही रंग सुंदर दिसतात. तेव्हा ही खोली सर्वाधिक कोणत्या वेळी वापरात असते, ते पाहून ठरवावे. सकाळी स्वयंपाक आणि डब्यांची धावपळ असलेल्या पूर्वेच्या स्वयंपाकघराला दोन्हीपैकी काहीही शोभेल. दुपारभर कुणी अंथरुणाला खिळून असलेल्या पूर्वेच्या खोलीला क्रीम द्यावा.

जून ते सप्टेंबर हा काळ वेगळा मोजायला हवा. चार महिने आभाळ झाकोळलेले, उजेड सावलीविना आणि कमी. दिवाळीत रंग निवडताना बाहेर लख्ख ऊन असते, त्यामुळे या चार महिन्यांचा विसर पडतो, आणि बिस्किटाबद्दलची नाराजी बहुधा पुढच्या जुलैत प्रथम उमटते.

याच कारणाने जुन्या नाशकातील घरांचा हिशेब निराळा आहे. भद्रकाली, सराफ बाजार किंवा पंचवटीच्या अरुंद गल्ल्यांत खिडकीसमोर आभाळ नसतेच. समोरच्या घराच्या भिंतीवरून परतलेला उजेड तेवढा आत येतो आणि तो त्या भिंतीचा रंग घेऊन येतो. समोर वीटकाम असेल तर आपल्या क्रीमवर नारिंगी छटा पडते. समोर गर्द झाड असेल तर हिरवट छटा, आणि ती क्रीमवर लिंबासारखी दिसते, बिस्किटावर मात्र फिकी पडते. सिडकोतील दोन्ही अंगांना शेजारच्या भिंती असलेल्या रो-हाउसमध्ये उजेड केवळ पुढून आणि मागून येतो. मधल्या खोलीत दिवसाही दिवा लागतो. अशा मधल्या खोलीला बिस्किट देणे म्हणजे विजेच्या बिलाला निमंत्रण.

दिवा लागल्यानंतर

नोकरदार घर दिवसा रिकामेच असते. भिंती पाहिल्या जातात त्या संध्याकाळी सातनंतर, दिव्याच्या उजेडात. पूर्वी पिवळा बल्ब असे. त्याच्या उजेडात प्रत्येक रंग आपोआप उबदार दिसे. मग ट्यूबलाइट आली आणि २०१५ नंतरच्या काळात एलईडी दिवे घरोघर पोहोचले. दिव्याच्या खोक्यावर प्रकाशाचे रंगतापमान केल्व्हिनमध्ये छापलेले असते. गंमत म्हणजे हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश डोळ्याला थंड. २७०० ते ३००० चा दिवा जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४००० चा मध्यम आणि आपल्याकडे सर्रास खपणारा ६५०० चा निळसर पांढरा.

६५०० च्या दिव्याखाली क्रीममध्ये किंचित हिरवट लिंबू डोकावतो आणि बिस्किट थंड, धुळकट होतो. २७०० च्या दिव्याखाली क्रीम पुन्हा गडद पिवळा होतो, तर बिस्किट खुलतो. पाहुण्यांच्या खोलीतील बिस्किट हॉटेलात छान दिसतो आणि घरी तसा दिसत नाही, यामागे रंगाचा दोष नसतो. हॉटेलने दिवे पिवळे लावलेले असतात. भिंत पुन्हा रंगवण्याआधी दिवे बदलून पाहावेत. तो खर्च काही शेकड्यांतला आहे. दोन्ही रंगांना सावरून घेणारा दिवा हवा असेल तर ४००० केल्व्हिनचा मध्यममार्ग बरा.

शेजाऱ्याचा प्रभाव

कोणताही रंग एकटा दिसत नाही. फ्रान्समधील गोबेलाँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे काळे धागे फिके दिसत असल्याची तक्रार आली, तेव्हा रंग उत्तम असून शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा भासतो असे त्यांच्या लक्षात आले. १८३९ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथच प्रसिद्ध केला. घराच्या भिंतीला हेच लागू पडते. शुभ्र पांढऱ्या छताला आणि पांढऱ्या स्विचबोर्डाला टेकलेला क्रीम अधिक पिवळा दिसतो. त्याच छतात क्रीमचा एक थेंब असला की भिंत शांत होते.

'पांढरा कशाला म्हणायचे' हा प्रश्न थोरामोठ्यांनाही चकवतो. २००२ च्या जानेवारीत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून अधिक दीर्घिकांच्या प्रकाशाची सरासरी काढून विश्वाचा रंग फिकट हिरवट निळा असल्याचे जाहीर केले. दोनच महिन्यांत त्यांना तो मागे घ्यावा लागला. गणित बरोबर होते, पण संगणकाच्या आज्ञावलीत पांढऱ्याचा संदर्भबिंदू चुकला होता. सुधारून पाहता विश्वाचा रंग निघाला तो थेट आपल्या शेडकार्डावरचा फिकट क्रीम, आणि त्याचे नाव पडले 'कॉस्मिक लाटे'.

घरात हा संदर्भ बहुतांशी फरशी पुरवते. जुन्या इमारतींतील शहाबादी फरशी करडी, थंड. तिच्यावर क्रीम उठून दिसतो आणि बिस्किट तिच्यासारखाच उदास होतो. नव्या सदनिकांतील चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी बहुधा क्रीमच्याच नात्यातली असते, पण तिच्यात गुलाबी झाक असेल तर पिवळा क्रीम तिच्याशेजारी जुनाट भासतो. तेथे बिस्किट जुळतो. सागवानी दारे-खिडक्या असतील तर क्रीमवर लाकूड खुलते. बिस्किट आणि तांबूस पॉलिश केलेले सागवान एकमेकांत विरघळून जातात. काहींना ते आवडते, पण कोरीव चौकट असलेल्या घरात तसे करणे म्हणजे चौकटीवर अन्याय.

दोन पिढ्या, दोन डोळे

रंगावरून घरात होणाऱ्या मतभेदांमागे कधी कधी हट्ट नसतो, डोळा असतो. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि कमी प्रकाश आत सोडते. साठीतील व्यक्तीच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. आजींना बिस्किटाची खोली अंधारी वाटते आणि नातीला ती 'क्लासी' वाटते, तेव्हा दोघीही खरे बोलत असतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतर पिवळट भिंग निघून जाते आणि पूर्वीचाच क्रीम अचानक पांढरा दिसू लागतो, असाही अनुभव येतो. वृद्धांच्या खोलीत भिंत उजळ असावी आणि दाराची चौकट व स्विचबोर्ड तिच्यावर स्पष्ट उठून दिसावेत. येथे शोभेपेक्षा ठेच न लागणे महत्त्वाचे, त्यामुळे क्रीमची भिंत आणि गडद चौकट हीच जोडी योग्य.

डाग, धूळ आणि लोणा

टिकाऊपणात दोन्ही रंगांचे गुणदोष जवळपास फिटतात. हातांचे ठसे, सोफ्याच्या पाठीचे घासणे, पंख्याने उडवलेली धूळ बिस्किटावर लपते. लहान मुलांच्या घरी आणि जिन्यालगतच्या भिंतीला तो सोयीचा. देवघरातील उदबत्तीचा धूर आणि फोडणीचा तेलकट पिवळेपणा मात्र क्रीममध्ये मिसळून जातो. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला लोणा लागला, तर त्याचे पांढरे चट्टे बिस्किटावर दुरून दिसतात, क्रीमवर जवळ गेल्याशिवाय कळत नाहीत. अर्थात लोणा लपवणे हा उपाय नव्हे. ओलीचे मूळ न शोधता वरून रंग दिल्यास वर्षभरात पोपडे ठरलेले.

ठिगळाचा प्रश्न बिस्किटाला अधिक छळतो. त्यात तीन रंगद्रव्ये असल्याने दुसऱ्या खेपेस मिसळताना एखादा थेंब इकडेतिकडे झाला तरी जोड दिसतो. एका भिंतीचे काम दोन वेगवेगळ्या डब्यांवर सोडू नये.

आधी पुठ्ठा, मग भिंत

एवढे सगळे वाचूनही निर्णय डोळ्यांनीच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी शेडकार्ड पुरेसे नाही. दुकानात दोन्ही छटांचे नमुन्याचे छोटे डबे घ्यावेत. दोन फूट लांब-रुंद असे दोन पांढरे पुठ्ठे घेऊन प्रत्येकावर एकेका रंगाचे दोन हात मारावेत आणि एक रात्र सुकू द्यावेत, कारण ओला इमल्शन फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. थेट जुन्या भिंतीवर नमुना लावण्यात तोटा असा, की जुना रंग शेजारी राहून डोळ्याला फसवतो. पुठ्ठा उभा करून खिडकीसमोरच्या भिंतीवर, मग खिडकीलगतच्या भिंतीवर धरावा. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावून, अशा चार वेळा पाहावे. दोन पुठ्ठे शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्यापेक्षा एकेक पुठ्ठा एकेक दिवस खोलीत राहू द्यावा. शेजारी ठेवले की क्रीम नको तितका पिवळा आणि बिस्किट नको तितका गुलाबी वाटतो.

संपूर्ण घराला एकच रंग द्यावा, हा आग्रह भाड्याने द्यायच्या घरापुरता ठीक आहे. राहत्या घरात उत्तरेच्या आणि मधल्या खोल्यांना क्रीम, पश्चिमेच्या दिवाणखान्याला बिस्किट अशी वाटणी केल्यास खर्च फारसा वाढत नाही. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत भिंतींचे क्षेत्र ४४० चौरस फूट होते. दारे-खिडक्या वजा जाता ३८० ते ४०० उरते, आणि गुळगुळीत पुट्टीवर दोन हातांसाठी साधारण तीन लिटर इमल्शन लागतो. नवे प्लॅस्टर किंवा खडबडीत भिंत असेल तर त्याहून जास्त. दोन खोल्यांमधील दाराच्या चौकटीत रंग बदलावा, भिंतीच्या मध्यावर नव्हे.

रंग आल्यावर डब्याच्या झाकणावर चिकटवलेली मिश्रणाची चिठ्ठी काढून ठेवावी. त्यावर छटेचा क्रमांक, बेसचा प्रकार आणि प्रत्येक रंगद्रव्याचे प्रमाण असते. तीन वर्षांनी खिळ्याचे भोक बुजवायची वेळ येते, तेव्हा 'तोच क्रीम द्या' म्हणून भागत नाही. उरलेला पावशेर रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत काठोकाठ भरून, खोलीचे नाव लिहून, माळ्यावर ठेवलेला बरा.